लेकरांना घेऊन जग फिरताना

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कौटुंबिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी मला विषय दिला तेव्हा म्हणाले, “काकू, तुम्ही नातवंडांसोबत तीन देश फिरून आल्या. त्यावर बोला. पण पंधरा मिनिटंच बरं का!” मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं शिकवलं. पंधरा मिनिटांत आमची हजेरीसुद्धा आटोपत नसे. तरी प्रयत्न करते.

आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे, माझे जावई पाणी शुद्धीकरणाच्या प्रकल्पांवर काम करतात. दोन-तीन वर्षं एका देशात, मग दुसऱ्या. लेक, जावई, नात आणि नातू असं चौघांचं बिऱ्हाड आधी दोहाला, मग नैरोबीला आणि आता रॉटरडॅमला. पहिल्यांदा निघाले तेव्हा नात तीन वर्षांची आणि नातू पाच महिन्यांचा होता. प्रत्येक वेळी बस्तान बसेपर्यंत मदतीला म्हणून मी सोबत गेले. त्यामुळे आयफेल टॉवर कसा दिसतो हे मला विचारू नका. अनोळखी शहरात रात्री दोन वाजता रडणारं लेकरू कसं झोपवायचं, ते विचारा.

आम्ही निघालो की सोसायटीच्या गेटवर एक प्रश्न हमखास यायचा. “एवढ्याशा पोट्ट्यांना काहून नेता? त्यांना काय आठवणार? पैसे वाया.” प्रश्न प्रेमापोटीच असायचा. आज त्याचं उत्तर देण्याचा प्रयत्न करणार आहे.

उत्तर शोधायला फार लांब जायला नको. आपला अमरावती रोड घ्या. सुरतेपासून कलकत्त्यापर्यंत जाणारा हा रस्ता. पावसाळा संपला की विदर्भातल्या रस्त्यांच्या कडेने मेंढ्यांचे कळप घेऊन जाणारे रबारी तुम्ही पाहिले असतील. मूळचे कच्छचे. उंटाच्या पाठीवर उलटी खाट, खाटेत गोधड्या, भांडी, नुकतंच जन्मलेलं कोकरू आणि त्याच्याच शेजारी एखादं दीड-दोन वर्षांचं लेकरू. ते लेकरू ऐटीत बसलेलं असतं. मी कित्येकदा थांबून पाहिलं आहे, ते घाबरलेलं दिसत नाही. काहून घाबरेल? गाव रोज बदलते, पण आई उंटाची दोरी धरून पुढे चालते आहे, बाप कळपामागे आहे, आजी आहे, रात्री निजायची गोधडी तीच आहे. त्याचं अख्खं घरच त्याच्यासोबत चाललेलं असतं.

शाळेत मी याची दुसरी बाजूही पाहिली. विटाभट्टीवर, बांधकामावर छत्तीसगडहून, मेळघाटातून मजूर यायचे. दिवाळीनंतर मध्येच चार-सहा लेकरं वर्गात येऊन बसायची. दोन-तीन महिने तोंडातून शब्द काढायची नाहीत. नवीन शिक्षकांना वाटायचं, पोरगं मंद आहे. आम्हा जुन्यांना माहीत होतं, ते ऐकून राहिलंय. आणि एक दिवस मधल्या सुट्टीत लंगडी खेळताना ते एकदम वऱ्हाडीत भांडायला लागायचं. मग समजायचं, पोरगं रुळलं! पण ज्या लेकराला आई-बाप गावी कुणाकडे तरी ठेवून पुढे निघून गेले, ते मात्र लवकर बोलतं व्हायचं नाही. ते आपल्याच गावात असायचं, तरी हरवल्यासारखं.

आता तुम्हाला आपल्याच मातीतली एक मोठी गोष्ट सांगते. पंडिता रमाबाईंची. त्यांचं समाजकार्य आपण पाठ्यपुस्तकात वाचलं. मी आज त्यांच्याकडे फक्त लेकरू म्हणून आणि आई म्हणून पाहणार आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८चा, कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे. रमा काही महिन्यांची असतानाच हे कुटुंब तीर्थयात्रेला निघालं आणि पुढे वर्षानुवर्षं चालतच राहिलं. तान्ह्या रमेला वेताच्या पेटाऱ्यात घालून नेत. देवळात पुराण सांगायचं, मिळेल त्यावर राहायचं, पुढच्या तीर्थाला जायचं. घर नाही, शाळा नाही. पण पहाटे आई लक्ष्मीबाई लेकीला झोपेतून हळूच उठवायची, लाडाने बोलायची आणि तोंडी संस्कृत शिकवायची. हातात पुस्तक नसे. आईने म्हणायचं, लेकीने म्हणायचं. १८८७ साली रमाबाईंचं इंग्रजी पुस्तक अमेरिकेत निघालं, त्याच्या प्रस्तावनेत या पहाटेच्या शिकवणीचं वर्णन आलं आहे. विचार करा, एवढा देश पायी पालथा घातलेल्या बाईबद्दल सांगताना आवर्जून नोंदवलं काय, तर आईची पहाटेची हाक.

पुढे १८७४ साली दुष्काळात आई-वडील गेले. मग बहीण गेली, भाऊ गेला. लग्न झालं, १८८१च्या एप्रिलमध्ये मनोरमा झाली आणि १८८२च्या फेब्रुवारीत कॉलऱ्याने पती गेले. पदरात दहा महिन्यांचं लेकरू. आणि ही चोवीस-पंचविशीतली बाई एप्रिल १८८३ मध्ये, मनोरमा जेमतेम दोन वर्षांची असताना, मुंबईहून बोटीने विलायतेला निघाली. प्रवासासाठी पैसा उभा केला तो ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहून. आज आपण विमानात दोन वर्षांच्या पोराला आठ तास सांभाळायचं म्हणून धास्तावतो. त्या काळी बोटीने महिनाभर लागत होता!

इंग्लंडमध्ये वाँटेज इथल्या भगिनींच्या आश्रमात माय-लेकी राहिल्या. तिथेच दोघींनी बाप्तिस्मा घेतला. रमाबाई पुढे चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात शिकायला आणि संस्कृत शिकवायला गेल्या. मार्च १८८६ मध्ये आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्या पदवीदान समारंभाला रमाबाई अटलांटिक ओलांडून गेल्या, पाच वर्षांची होत आलेली मनोरमा सोबत होती. पाचव्या वर्षी तीन खंड पाहिलेली ही मराठी मुलगी!

पण गोष्ट इथे थांबत नाही. अमेरिकेत रमाबाईंचे दौरे वाढले. बालविधवांच्या शाळेसाठी पैसा उभा करायचा होता, गावोगाव व्याख्यानं होती. तेव्हा मनोरमेला वाँटेजला परत पाठवण्यात आलं. आई अमेरिकेत, लेक इंग्लंडमध्ये, मध्ये अटलांटिक महासागर. मनोरमेला कुणी, कुठे, कसं वाढवायचं यावरून रमाबाई आणि आश्रमातल्या भगिनी यांच्यात बराच पत्रव्यवहार झाला, मतभेदही झाले. ती पत्रं आज छापील रूपात उपलब्ध आहेत. वाचताना माझ्यातली आजी जागी होते. व्यासपीठावरून जग हलवणारी बाई पत्रात मात्र लांब राहिलेल्या पोरीची आई असते.

तिला दोष देणारे आपण कोण? एकटी बाई, नवरा नाही, माहेर नाही, आणि डोळ्यांपुढे केवढं काम! ११ मार्च १८८९ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढे केडगावचं मुक्ती सदन उभं राहिलं. मनोरमा मोठी झाल्यावर आईच्याच कामात आली, शारदा सदनाची मुख्याध्यापिका झाली. १९२१ मध्ये आईच्या आधी तीच गेली, आणि १९२२च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. मी ही गोष्ट सांगते ती एवढ्यासाठी की, यात लेकराच्या प्रवासाच्या दोन्ही तऱ्हा आहेत. पेटाऱ्यात बसून फिरलेली रमा उपाशी राहिली, उन्हातान्हात राहिली, पण आईजवळ होती. मनोरमेला छप्पर होतं, खायला-ल्यायला होतं, पण आई समुद्रापार होती. देश बदलल्याने लेकरू बेघर होत नाही. हाताशी असलेलं माणूस सुटलं की होतं.

आता माझ्या घरातलं सांगते.

नातवाच्या बारशाला मी त्याला एक स्टीलची वाटी दिली होती, त्याचं नाव कोरून. आपल्याकडे देतो तशी. दोहाला निघताना सामानाचं वजन करताना जावयांनी ती बाजूला काढली. “आई, तिकडे वाट्या मिळतात हो!” मी म्हटलं, “मिळतात, पण ही नाही मिळत.” वाटी हातातल्या पिशवीत टाकली. दोहाला त्यातच वरणभात भरवला. नैरोबीला दीड-दोन वर्षांचा असताना त्याला ताप आला, काही खाईना, पण त्या वाटीत मेतकूट-भात कालवून पुढे केला तर चार घास गेले. रॉटरडॅमच्या शाळेत सगळी मुलं दुपारी डब्यात ब्रेड नेतात. ब्रेडवर चॉकलेटचा चुरा घालून सकाळी खाणं ही तिकडची खास पद्धत. आमचा पठ्ठ्याही तेच खायला शिकला. मात्र रात्रीचा भात त्याच वाटीत. मी नात्याची फुशारकी मारत नाही. प्रत्येक लेकराची अशी एक वाटी असते. कुणाची चादर, कुणाचं बाहुलं, कुणाची झोपतानाची एकच गोष्ट. ती ओळखा आणि आधी तीच बांधा, बाकीचं सामान नंतर.

रॉटरडॅमला मात्र आमची परीक्षा झाली. नातू साडेचार वर्षांचा. घरी मराठी, नैरोबीत इंग्रजी आणि स्वाहिली कानावर, आणि इथे एकदम डच. तो शाळेत बोलेचना. आठवडे गेले. घरीही कमी बोलू लागला. लेक रात्री माझ्याजवळ येऊन रडली. “आई, आम्ही नोकरीपायी पोराचं नुकसान तर करून नाही राहिलो ना?” हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. परत नागपूरला यायचं का, इथपर्यंत बोलणं गेलं.

मला माझी विटाभट्टीची लेकरं आठवली. मी तिला म्हटलं, तो ऐकून राहिलाय, थांब जरा. शाळेतल्या बाईंनीही तेच सांगितलं. नवीन भाषेत मूल आधी काही काळ गप्प राहतं, हे तिकडच्या शिक्षकांनाही पक्कं ठाऊक आहे. आम्ही एवढंच केलं की घरची एकही गोष्ट हलवली नाही. तीच वाटी, संध्याकाळी शुभंकरोती, झोपताना तीच कावळा-चिमणीची गोष्ट. आणि घरात मराठीच. ‘घरी पण डच बोला म्हणजे लवकर शिकेल’ असं कुणी सुचवलं, तर माझी लेक नाही म्हणाली. सगळं बाहेर बदललं असताना आईची भाषाही बदलली, तर त्याने पाय कुठे टेकवायचे?

साधारण चौथ्या महिन्यात तो घसरगुंडीवर एका पोराशी डचमध्ये भांडला. लेकीने फोनवर सांगितलं तेव्हा मी इकडे पेढे वाटले. तुमच्यातल्या काहींनी ते खाल्लेत. कशाचे, ते आज कळलं असेल.

मी फोनवर का ऐकलं? कारण तिकडे पाहुणा म्हणून सहा महिन्यांत नव्वद दिवसच राहता येतं. माझे दिवस संपले होते. लेकराला न सांगता, झोपेत सोडून निघून जायचं, ही आपल्याकडची जुनी सवय. मी ते केलं नाही. कालनिर्णय सोबत नेलं होतं, ते भिंतीवर लावलं. रोज रात्री नातवाच्या हाताने एक चौकोन खोडायचा. “इथे विमान आहे, इथे आजी जाणार.” निघताना तो रडला, मीही रडले. पण त्याला फसवल्यासारखं वाटलं नाही. तेव्हापासून आपल्याकडचे साडेसात म्हणजे तिकडे हिवाळ्यातले दुपारचे तीन. त्या वेळेला माझा फोन. म्हणून मी त्या वेळेच्या भिशीला नसते, हे मैत्रिणींनी समजून घ्यावं.

आता ज्यांना लेकरं घेऊन निघायचं आहे, त्यांच्यासाठी चार कामाच्या गोष्टी.

पासपोर्ट तान्ह्या बाळालाही वेगळा लागतो. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, तारीख बघून ठेवा. दोन वर्षांच्या आतलं मूल मांडीवर बसून जातं, पण परतीच्या आधी दोन पूर्ण होत असतील तर परतीला त्याची स्वतंत्र जागा घ्यावी लागते. बाळाचा पाळणा हवा असेल तर तिकीट काढतानाच सांगा, ऐनवेळी मिळत नाही. पाण्या-बिण्याच्या बाटलीला शंभर मिलीचा नियम असला, तरी बाळाच्या दुधाला आणि पेजेला सवलत असते. फक्त तपासणीच्या वेळी बाहेर काढून दाखवायचं.

विमान खाली उतरताना मुलं रडतात ती हट्टाने नाही, त्यांचे कान दुखतात. तेव्हा गिळत राहिलं की कान मोकळे होतात. तान्ह्याला अंगावर पाजा, मोठ्याला घोट घोट पाणी द्या. आणि शेजारचा प्रवासी कपाळाला आठ्या घालत असेल तर घालू द्या, तोही कधी तान्हा होता.

निघण्याच्या दीड-दोन महिने आधी बालरोगतज्ज्ञांना भेटा, लसींचं कार्ड घेऊन. केनियासारख्या देशात जायचं तर पिवळ्या तापाची लस लागते, तिचं प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं आणि ते नसेल तर परत येताना आपल्याच देशात अडवून ठेवतात. ती लस सरकारमान्य केंद्रावरच मिळते. ओआरएसची पाकिटं सोबत असू द्या. नसतील तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, हे विसरू नका.

झोपेचं गणित बसायला वेळ लागतो. जेवढे तास फरक, साधारण तेवढे दिवस धरा. सकाळी उठून मुलाला उन्हात न्या, औषध तेच. पहिले दोन दिवस काहीही पाहायला जाऊ नका. आणि पुढेही दिवसाला एकच ठिकाण. लेकरू म्युझियमसमोरच्या कबुतरांत रमलं तर रमू द्या, तिकिटाचे पैसे वसूल करायच्या मागे लागू नका.

“त्यांना काय आठवणार?” याचं आता उत्तर देते. नैरोबीत आमची नात पाच वर्षांची. एक दिवस बाजारातून धावत आली, “आजी, इथे दुकानाला दुका म्हणतात! चपातीला चपाती, चहाला चाय, गाडीला गारी!” आपल्याकडचे व्यापारी, कारागीर समुद्र ओलांडून तिकडे गेले, त्यांच्यासोबत शब्द गेले. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. परक्या माणसाच्या तोंडात आपला शब्द सापडला, एवढंच तिला कळलं आणि त्या दिवसापासून तिला तिथल्या कुणाची भीती वाटली नाही. रॉटरडॅमच्या बागेत एक वयस्क बाई तिला भेटल्या, मूळच्या सुरीनामच्या. त्यांचे पूर्वज १८७३ नंतर कलकत्त्याहून बोटीने मजूर म्हणून तिकडे नेलेले. दीडशे वर्षांनंतर त्या भोजपुरीच्या वळणाची भाषा बोलतात! नात त्यांच्याशी हिंदीत बोलली. दोघींनाही निम्मंच समजलं, तरी तासभर गप्पा. नैरोबीचे रस्ते ती विसरलीच आहे. परकं माणूस हे आधी माणूस असतं, ही सवय मात्र तिच्या अंगात मुरली. पैसे वाया गेले का, तुम्हीच ठरवा.

शेवटी सोसायटीबद्दल. पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे प्लॉट घेतले तेव्हा लोक म्हणायचे, एवढ्या लांब वाडीला कोण राहील? ट्रकची धूळ, गोदामं, रात्री रस्त्यावर दिवा नाही. आपण राहिलो. कुणी आयुध निर्माणीतले, कुणी एमआयडीसीतले, कुणी माझ्यासारखे मास्तर. आपली मुलं इथे मोठी झाली आणि पुण्या-बंगळुरूपासून अमेरिकेपर्यंत गेली. आता दर डिसेंबरात त्यांची लेकरं येतात. सोनेगावच्या विमानतळावरून थेट आपल्या गेटवर.

त्या लेकरांसाठी आपली सोसायटी म्हणजे ती वाटी आहे, नाव कोरलेली. ती जगात कुठेही गेली तरी ही जागा तिथेच असते, हे त्यांना कळलं पाहिजे. म्हणून तीन विनंत्या करते. एक, आल्या आल्या त्यांची परीक्षा घेऊ नका. “मराठी येते का? बोलून दाखव बरं!” म्हटलं की पोरगं आईमागे लपतं. त्याच्याशी सरळ मराठीत बोला, उत्तर कोणत्याही भाषेत येऊ द्या. दोन, इथल्या पोरांनी त्यांना पहिल्याच दिवशी खेळात घ्यावं, ‘कच्चा लिंबू’ म्हणून का होईना. तीन, मैदानाच्या कोपऱ्यातलं कडुनिंबाचं झाड पार्किंगसाठी तोडायचा प्रस्ताव पुढच्या सभेत येणार आहे. माझा नातू गेल्या वर्षी आला तेव्हा त्याने दोन वर्षांनी आधी ते झाड ओळखलं, मग मला. गाड्यांना दुसरी जागा शोधू या.

पहिल्या रांगेतली मंडळी आता माझ्याकडे नाही, पंगतीकडे बघून राहिली आहेत. तेव्हा थांबते. आपल्या सोसायटीचा सुवर्णमहोत्सव याच मैदानात होवो, आणि त्या दिवशी इथे भाषण करायला आज सतरंजीवर बसलेल्यांपैकी कुणीतरी उभं राहो, एवढी सदिच्छा व्यक्त करते.